रिमेक, सीक्वेल आणि सुपरहिरो: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या बजेटचा नवा चित्रपट लागला की ओळखीतले लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. हा पाहू का, आधीचे भाग पाहायला हवेत का, आणि मुळात ही मंडळी नवीन काही का काढत नाहीत? उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. मतं माझी आहेत आणि ठाम आहेत. काही चित्रपटांचे शेवट यात उघड झालेत. ते नको असतील तर त्या चित्रपटाचं नाव दिसताच तो परिच्छेद सोडा.

हे सगळं शिळ्या कढीला ऊत आणणंच नाही का?

मला तसं वाटत नाही. आपण ज्यांना डोक्यावर घेतो त्यातले कितीतरी चित्रपट रिमेक आहेत, फक्त ते आपल्या लक्षात राहत नाही. मार्टिन स्कॉर्सेसींना दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवून देणारा 'द डिपार्टेड' (२००६) हा हाँगकाँगच्या 'इन्फर्नल अफेअर्स'चा (२००२) रिमेक. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा 'कोडा' (२०२१) एका फ्रेंच चित्रपटावर बेतलेला. 'अ स्टार इज बॉर्न' तर १९३७, १९५४, १९७६ आणि २०१८ असा चार वेळा झाला, आणि दर वेळी त्या त्या काळातली प्रसिद्धी कशी माणसं खाते ते त्यात दिसलं.

माझा निकष एकच आहे. या चित्रपटात काही पणाला लागलंय का? पात्रांचं काही, आणि बनवणाऱ्यांचंही काही. उत्तर 'हो' असेल तर ती गोष्ट पाचव्यांदा सांगितली तरी मी तिकीट काढीन. खालची बहुतेक उत्तरं याच प्रश्नावर येऊन टेकतात.

तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलेला रिमेक कुठला?

२०१९चा 'द लायन किंग'.

१९९४च्या चित्रपटातला तो प्रसंग आठवा. चेंगराचेंगरीची धूळ खाली बसलेली आहे, मुफासा पडलेला आहे. छोटा सिंबा जवळ येतो, बापाला ढोसतो, त्याचा कान ओढून पाहतो. कुणी मदतीला येत नाही. मग तो परत येतो, बापाचा निर्जीव पंजा अंगावर घेतो आणि त्याखाली शिरून पडून राहतो. त्या पिल्लाच्या भुवया, डोळे, पडलेले कान, सगळं मोजक्या रेषांत काढलेलं आहे, आणि तरी मोठी माणसंही तिथे डोळे पुसतात.

२०१९मध्ये प्रसंग तोच आहे, पण सिंह खऱ्यासारखे करायचे ठरल्यामुळे माणसासारखे हावभाव त्यांच्या चेहऱ्यांना वर्ज्य झाले. आवाज रडतो आणि चेहरा तसाच राहतो. कारागिरीबद्दल माझी तक्रार नाही. सुरुवातीचा सूर्योदयाचा एक शॉट सोडला तर त्यात कॅमेऱ्याने टिपलेलं खरं असं काहीच नाही, आणि तरीही आयाळीचा केस न् केस सुटा दिसतो. पण एवढी ताकद लावून मिळवलं काय, तर मूळ चित्रपटात होतं ते सगळं, फक्त चेहरे वजा करून. चित्रपटाने जगभरात १६५ कोटी डॉलरच्या आसपास गल्ला जमवला, म्हणजे बनवणाऱ्यांना आपलं काही चुकलं असं वाटण्याचं कारणच उरलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण इतकी कसबी माणसं एकत्र येऊन नवी गोष्ट सांगू शकली असती.

आणि जमलेला रिमेक?

स्टीव्हन स्पीलबर्गचा 'वेस्ट साइड स्टोरी' (२०२१). १९६१च्या चित्रपटात अनिताची भूमिका करणाऱ्या रिटा मोरेनोंना सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं होतं. नव्या चित्रपटात तीच भूमिका करणाऱ्या अरियाना डीबोजलाही तेच ऑस्कर मिळालं. मोरेनो नव्या चित्रपटातही आहेत. दुकानदार डॉकच्या जागी त्याची विधवा व्हॅलेंटिना हे पात्र त्यांच्यासाठी लिहिलं गेलं, आणि मूळचं प्रेमी जोडप्याचं गाणं या वेळी त्या एकट्या म्हणतात. म्हातारपणी, हळू आवाजात. आपल्यासाठी कुठेतरी जागा असेल ही आशा तरुण जोडप्याने गाणं वेगळं आणि आयुष्य सरत आलेल्या बाईने गाणं वेगळं. त्या एका बदलामुळे हा रिमेक का केला याचं उत्तर मिळतं. शिवाय पोर्तो रिकन पात्रांच्या भूमिका या वेळी लॅटिनो कलाकारांनी केल्या आणि त्यांचे स्पॅनिश संवाद सबटायटल्सशिवाय ठेवले. चित्रपट तिकीटबारीवर आपटला. त्यामुळे माझं मत बदलत नाही.

दुसरं नाव 'ड्यून'. १९८४मध्ये डेव्हिड लिंचने त्याच नावाची अख्खी कादंबरी एका चित्रपटात कोंबली होती. डेनी व्हिलनव्हने ती २०२१ आणि २०२४ अशा दोन भागांत सांगितली आणि आपल्या नायकाकडे संशयाने पाहण्याचं धाडस केलं. दुसऱ्या भागाच्या शेवटी लोक पॉलचा जयजयकार करत असतात आणि कॅमेरा मात्र त्याला सोडून निघालेल्या त्याच्या प्रेयसीच्या, चानीच्या, चेहऱ्यावर थांबतो.

एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेलेल्या चित्रपटांचं काय?

तिथे गोष्टीचा कणा कुठे आहे हे ओळखता आलं पाहिजे. जीतू जोसेफचा मल्याळम 'दृश्यम' (२०१३) हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि चिनी भाषेतही झाला आणि सगळीकडे उभा राहिला. कुटुंबासाठी खोटं बोलणारा बाप आणि मुलगा गमावलेली पोलीस अधिकारी आई, हा कणा कुठेही नेता येतो. हिंदी आवृत्ती निशिकांत कामतांनी केली आणि त्यांनी उगाच कसलाही मसाला वाढवला नाही.

'सैराट'चं (२०१६) तसं झालं नाही. 'धडक'मध्ये (२०१८) जातीचा काच इतका सैल केला की उरली ती श्रीमंत मुलगी आणि साधा मुलगा अशी नेहमीची प्रेमकथा. नागराज मंजुळेंच्या शेवटात आई-बाप दोघंही मारले जातात आणि ते लहान मूल रक्ताची पावलं उमटवत चालत जातं. मागे काहीच आवाज नाही. 'धडक'मध्ये नायिका वाचते. धक्का दोन्हीकडे बसतो, पण पहिल्या शेवटाने पुढच्या पिढीच्या पायाला लागलेलं रक्त दाखवलं होतं. ते गेलं की बरंच काही गेलं.

स्टुडिओ नवीन काही का काढत नाहीत?

कारण बुडाले तर फार मोठे बुडतात. २० कोटी डॉलरचा चित्रपट असेल तर जाहिरातीवर आणखी तितकेच कोटी लागू शकतात, आणि तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्यांकडे राहतो. म्हणजे नफ्यासाठी खर्चाच्या दुप्पट-अडीचपट कमाई हवी. एवढी रक्कम लावताना लोकांना नाव आधीपासून माहीत असणं हा हुकमी आधार वाटतो. डिस्नेने २००९मध्ये मार्व्हल आणि २०१२मध्ये लुकासफिल्म प्रत्येकी सुमारे ४०० कोटी डॉलरला घेतली, ती या नावांसाठीच.

आणि खरं सांगायचं तर आपण प्रेक्षकांनी त्यांचा अंदाज बरोबर ठरवला आहे. २०२४च्या जगभरातल्या सर्वाधिक कमाईच्या पहिल्या दहा चित्रपटांत एक 'विकेड' सोडला तर झाडून सगळे सीक्वेल किंवा प्रीक्वेल होते, आणि 'विकेड'देखील गाजलेल्या संगीत नाटकावरचा. त्याच्या आदल्याच वर्षी एका भौतिकशास्त्रज्ञावरचा तीन तासांचा 'ओपनहायमर' ९५ कोटी डॉलरच्या घरात गेला होता. नवीन चालत नाही हे खरं नाही. नवीनला वेळ आणि पडदे द्यावे लागतात.

इतक्या वर्षांनी काढलेला सीक्वेल कधी जमतो?

मधली वर्षं खरोखर गेली आहेत हे तो मान्य करतो तेव्हा.

'टॉप गन: मॅव्हरिक' (२०२२) पहिल्या चित्रपटानंतर ३६ वर्षांनी आला. त्यातली विमानं सगळ्यांना आवडली, मलाही. पण माझ्या मते चित्रपट उभा आहे तो नायक मॅव्हरिक आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, आइसमनच्या, घरी जातो त्या प्रसंगावर. आइसमन झालेल्या व्हॅल किल्मरचा आवाज घशाच्या कर्करोगाने गेला होता आणि पटकथेने ते लपवलं नाही. आइसमन संगणकावर टाइप करून बोलतो. एकेकाळी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोघे आता समोरासमोर बसलेत. एकाचा चेहरा अजून तसाच, दुसऱ्याच्या गळ्याला रुमाल. मग आइसमन उठतो, मोजकी वाक्यं मोठ्या कष्टाने स्वतःच्या तोंडाने बोलतो आणि दोघे मिठी मारतात. किल्मर २०२५मध्ये गेले. काळाने जे हिरावून नेलं त्यावर मुलामा चढवायचं टाळल्यामुळे हा सीक्वेल १९८६च्या चित्रपटापेक्षा मोठा झाला, असं मी बिनदिक्कत म्हणते.

'इंडियाना जोन्स अँड द डायल ऑफ डेस्टिनी' (२०२३) पाहा. हॅरिसन फोर्ड ऐंशीच्या घरात, आणि चित्रपटाची सुरुवात संगणकाने तरुण केलेल्या फोर्डपासून. चेहरा तरुण, आवाज म्हाताऱ्याचा. पुढे थकलेल्या, एकट्या पडलेल्या इंडीची गोष्ट येते ती खरं तर चांगली आहे. तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

'जोकर: फोली आ द्यू' (२०२४) मला आवडला नाही. तरी त्याला नावं ठेवताना माझा हात आखडतो. पहिल्या भागाने शंभर कोटी डॉलर मिळवल्यावर तेच पुन्हा करणं सोपं होतं. त्यांनी संगीतिका केली आणि नायकाच्या भक्तांना नाराज केलं. चित्रपट तोंडावर आपटला, पण पाट्या टाकल्या असं म्हणता येणार नाही.

सुपरहिरोंचा लोकांना कंटाळा आलाय का?

सुपरहिरोंचा नाही, गृहपाठाचा आलाय. २०१९च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'ने जवळपास २८० कोटी डॉलर कमावले. चारच वर्षांनी त्याच स्टुडिओचा 'द मार्व्हल्स' २० कोटींच्या आसपास थांबला. मधल्या काळात या गोष्टी मालिकांमध्ये पसरल्या. 'द मार्व्हल्स'च्या तिघी नायिकांपैकी दोघींची ओळख मालिकांमधून झालेली होती, आणि त्या न पाहिलेल्या माणसाला आपण कुणाच्या तरी घरच्या समारंभात चुकून शिरलोय असं वाटत राहायचं.

त्याच वर्षी 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'चा तिसरा भाग उत्तम चालला. त्यात एका रॅकूनच्या भूतकाळाची गोष्ट आहे, प्रयोगशाळेत छळलेल्या प्राण्यांची, आणि ती समजायला कसलीही उजळणी लागत नाही. 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'ही त्याच वर्षीचा. त्यात प्रत्येक जगाची चित्रशैली वेगळी आहे. ग्वेन या तरुण स्पायडर-वुमनच्या जगातले जलरंग तिच्या मनःस्थितीप्रमाणे बदलतात आणि ती बापाशी बोलताना भिंतींवरून रंग ओघळतात. असं काही दिसलं तर मी दर महिन्याला सुपरहिरो पाहायला तयार आहे.

हेही मान्य करायला हवं की चांगलं केलं म्हणून गर्दी परत येतेच असं नाही. 'थंडरबोल्ट्स' (२०२५) एकटेपणावरचा, पोकळ वाटणाऱ्या आयुष्यावरचा मनापासून केलेला चित्रपट आहे, आणि तो अपेक्षेपेक्षा कमी चालला. विश्वास उडायला चार वर्षं लागली, बसायलाही वेळ लागेल.

मल्टिव्हर्सबद्दल काय मत आहे?

मल्टिव्हर्स म्हणजे एकाच वेळी असलेली अनेक समांतर विश्वं, आणि बहुतेक वेळा तो पळवाट असतो. मेलेलं पात्र दुसऱ्या विश्वातून आणता येत असेल तर पुढच्या कुठल्याही मरणाला मी घाबरणार नाही. पणाला काही लागतच नाही.

अपवाद 'स्पायडर-मॅन: नो वे होम' (२०२१). तिघे स्पायडर-मॅन एकत्र आले म्हणून थिएटरात शिट्ट्या पडल्या ते ठीक. पण अँड्र्यू गारफिल्डच्या स्पायडर-मॅनने २०१४च्या चित्रपटात आपल्या प्रेयसीला, ग्वेनला, वाचवता वाचवता गमावलं होतं. इथे धाकट्या स्पायडर-मॅनची प्रेयसी एमजे उंचावरून पडते, तो झेप घेतो, तिला अलगद खाली आणतो आणि तिला विचारतो की ठीक आहेस ना. तिलाच उलट विचारावं लागतं, कारण त्याचे डोळे भरलेले असतात. जुन्या आठवणींचा असा वापर मला मंजूर आहे.

नवा सुपरमॅन पाहण्यासारखा आहे का?

जरूर पाहा. जेम्स गनच्या २०२५च्या चित्रपटात त्याच्या ग्रहाचा नाश, शेतावरचं बालपण यातलं काही पुन्हा सविस्तर सांगितलेलं नाही. पहिल्याच दृश्यात तो हरून बर्फात कोसळतो. सगळ्यात चांगला प्रसंग हाणामारीचा नाहीच. पत्रकार लोइस सुपरमॅनची मुलाखत घेते, आणि त्याने परस्पर एका युद्धात हस्तक्षेप केला त्यावरून प्रश्न विचारत त्याला कोंडीत पकडते. तो चिडतो, आवाज चढतो. माणसं मरणार होती, एवढंच त्याचं म्हणणं. तिचेही मुद्दे बरोबर आहेत. एवढा ताकदवान माणूस एका खोलीत शब्दांसाठी अडखळतो. शेवटच्या अर्ध्या तासातली पडझड मला जास्त वाटली.

दिवंगत नटांना संगणकाने पुन्हा पडद्यावर आणणं तुम्हाला पटतं का?

अजिबात नाही. 'रोग वन'मध्ये (२०१६) पीटर कुशिंग दिसले, ते १९९४मध्येच गेले होते. 'द फ्लॅश'मध्ये (२०२३) ख्रिस्तोफर रीव्ह. घरच्यांची परवानगी घेतली तरी नटाने ते काम केलेलं नसतं. कुठे थांबायचं, नजर कधी वळवायची, हे त्याने ठरवलेलं नसतं, आणि अभिनय म्हणजे तेच ठरवणं. २०२३मध्ये अमेरिकेतले नट ११८ दिवस संपावर होते, त्यात हा कळीचा मुद्दा होता. आता संमती आणि मोबदल्याच्या अटी करारात आहेत, हे चांगलं झालं.

चॅडविक बोसमन २०२०मध्ये गेल्यावर 'ब्लॅक पँथर'च्या पुढच्या भागात त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही आणि त्यांचा चेहराही बनवला नाही. चित्रपट त्यांनी साकारलेल्या टचालाच्या अंत्यविधीने सुरू होतो. असं वागावं.

इतके पैसे ओतूनही व्हीएफएक्स (संगणकाने घातलेली दृश्यं) खोटे का दिसतात?

मुख्य कारण पैसा नसून निर्णय आहेत. चित्रीकरणाच्या वेळी मागे काय असेल, प्रकाश कुठून येईल, हे ठरलेलं नसलं की नटावरचा प्रकाश आणि मागून जोडलेली पार्श्वभूमी कधीच जुळत नाही. त्यात प्रदर्शनाच्या तोंडावर प्रसंग बदलले जातात आणि कलाकार रात्रंदिवस राबतात. मार्व्हलच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी २०२३मध्ये संघटनेच्या बाजूने मतदान केलं ते उगाच नाही.

'ज्युरासिक पार्क'मध्ये (१९९३) डायनोसॉर दिसतात ती सगळी मिळून सुमारे १५ मिनिटं. टी-रेक्स येण्याआधी गाडीतल्या पेल्यातलं पाणी थरथरतं. त्यासाठी खाली गिटारची तार बसवून ती छेडली होती. 'मॅव्हरिक'मध्येही संगणकाचं काम भरपूर आहे, पण नट खऱ्या एफ-१८ विमानात मागच्या सीटवर बसले होते आणि त्यांचे ओढले गेलेले गाल खरे आहेत. डोळ्यांना धरून ठेवायला एवढं खरं पुरतं.

आधीचे सगळे भाग पाहावेच लागतात का?

'ड्यून'चा पहिला भाग हवाच. 'मॅव्हरिक'साठी मूळ पाहिलेला बरा. बाकी कुठल्याही चित्रपटासाठी दहा तास तयारी करावी लागत असेल तर तो सोडून द्या.

श्रेयनामावली संपेपर्यंत बसावं का?

बसा. पुढच्या चित्रपटाची झलक असते म्हणून नव्हे, ती हल्ली बहुधा जाहिरातच असते. पण ज्यांनी महिनोन् महिने एकेक फ्रेम घासली त्या शेकडो लोकांची नावं तिथेच येतात.

मुलांना मूळ दाखवावं की नवा रिमेक?

मूळ, आणि आधी मूळच. हाताने काढलेलं अ‍ॅनिमेशन मुलांना जुनं वाटत नाही, ती शंका मोठ्यांची. 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'चा २०२५चा रिमेक मूळच्याच एका दिग्दर्शकाने, डीन डीब्लॉइसने, जिव्हाळ्याने केलाय, पण २०१०चा चित्रपट दाखवला असेल तर त्याची वेगळी गरज नाही.

या सगळ्यातला एकच पाहायचा असेल तर?

'गॉडझिला मायनस वन' (२०२३). गॉडझिला १९५४पासून पडद्यावर आहे, त्याचे किती चित्रपट झाले याची मोजदाद कठीण. ताकाशी यामाझाकींनी हा लिहिला, दिग्दर्शित केला आणि व्हीएफएक्सही स्वतः सांभाळले, तेही दीड कोटी डॉलरपेक्षा कमी खर्चात, आणि त्यासाठीचं ऑस्कर मिळवलं. गोष्ट युद्धात मरायला पाठवलेल्या आणि मरण चुकवून परत आलेल्या वैमानिकाची आहे. घर बेचिराख झालेलं, शेजारीण तू जिवंत कसा म्हणून तोंडावर विचारते, आणि एका अनोळखी मुलीबरोबर तो अनाथ बाळ वाढवू लागतो. राक्षस येतो तेव्हा सरकार हात वर करतं आणि जुने नौसैनिक स्वतःहून पुढे येतात. युद्धात माणसांच्या जिवाला किंमत दिली नाही, या वेळी कुणीही मरता कामा नये, असं ठरवून ते समुद्रात उतरतात. त्या मोहिमेत प्रत्येक बोटीवरच्या माणसासाठी जीव टांगणीला लागतो. मूळ जपानीतच पाहा, सबटायटल्स लावून, आणि शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर.